जुना डिजिटल रेंजफाइंडर घेताय? कोऱ्या आभाळाची रॉ फाईल मागा, आणि ती कुठल्या कॅमेऱ्याची आहे तेही बघा

ज्या माणसाने मला लायका एम-९ हा वापरलेला डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा विकला, त्याला त्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा भाग, खराब झालाय हे पक्कं ठाऊक होतं. 'ठाऊक असावं' असं मी म्हणत नाही. सेन्सर ठणठणीत असल्याचा पुरावा म्हणून त्याने मला जी रॉ फाईल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) पाठवली ती दुसऱ्याच एम-९ मधून काढलेली होती. ज्याचा माल चोख असतो त्याला असली खटपट करावी लागत नाही. हे कॅमेरे सध्या पुन्हा मागणीत आहेत, किमती चढल्या आहेत आणि मला गंडवायला वापरलेली युक्ती कुणावरही चालू शकते. म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रेंजफाइंडरमध्ये लेन्समधून बघायचं नसतं. वरच्या खिडकीतून बघायचं. मधल्या उजळ चौकोनात एकच वस्तू दोनदा दिसते. लेन्सची रिंग फिरवत त्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. फिल्मच्या जमान्यात असे कॅमेरे पुष्कळ होते, डिजिटलमध्ये मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पहिला एप्सनचा आर-डी१, २००४ साली आला, सहा मेगापिक्सेलचा. मग २००६ मध्ये लायका एम-८ आणि २००९ मध्ये एम-९. एम-९ ची मोठी गोष्ट ही की त्यात पहिल्यांदा ३५ मिलिमीटर फिल्मच्या पूर्ण आकाराचा सेन्सर रेंजफाइंडरमध्ये बसला, त्यामुळे जुन्या लेन्स जशा फिल्मवर दिसायच्या तशाच दिसू लागल्या. ज्याला या पद्धतीने फोटो काढण्याची ओढ आहे आणि नव्या मॉडेलची किंमत परवडत नाही, तो फिरून फिरून एम-९ पाशीच येतो. मीही तसाच आलो.

आता दुखणं नेमकं कुठे आहे ते समजून घ्या. एम-९ मध्ये कोडॅकचा १८ मेगापिक्सेलचा सीसीडी (सेन्सरचा एक जुना प्रकार) सेन्सर आहे आणि त्याच्या पुढ्यात एक पातळ काच आहे. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश अडवणं हे त्या काचेचं काम. एम-८ मध्ये हे काम अपुरं होत होतं. काळं कृत्रिम कापड फोटोत जांभळट दिसायचं आणि लेन्सवर वेगळा फिल्टर लावावा लागायचा. एम-९ मध्ये जास्त अवरक्त शोषणारी काच घेतली गेली, पण ती दमट हवेपुढे टिकाव धरत नाही. वरच्या लेपाला कुठे बारीकशी खोट असली की ओल आत शिरते, काच गंजल्यासारखी खराब होते आणि ठिपके पसरत जातात. २०१४ मध्ये लायकाने हा दोष मान्य केला आणि सेन्सर फुकट बदलून द्यायला सुरुवात केली. २०१७ मध्ये ती सवलत आखडली गेली, आणि पुढे तर बदलून द्यायला सेन्सरच उरले नाहीत. एम-९-पी, एम-ई आणि पहिला एम मोनोक्रोम यांनाही हाच दोष लागू आहे. म्हणजे आज बाजारात फिरणारे एम-९ दोन प्रकारचे आहेत: सेन्सर वेळेत बदलून घेतलेले आणि न घेतलेले. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. माझी फसवणूक या सारखेपणाच्या आडून झाली.

हे ठिपके नेहमी दिसत नाहीत. लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र म्हणजे अपर्चर, आणि एफ आकडा जितका लहान तितकं ते मोठं. लेन्स पूर्ण उघडी असली, म्हणजे एफ/२ च्या आसपास, की प्रकाश काचेवर सगळ्या बाजूंनी तिरपा येतो आणि ठिपक्याची सावली सेन्सरवर पोचेपर्यंत पुसट होऊन जाते. अपर्चर एफ/१६ पर्यंत बंद केलं की किरण जवळपास एका रेषेत येतात आणि सावली ठळक पडते. त्यातही झाडं, गर्दी, भिंतींचे पोत असले की ठिपके त्यात लपून जातात. कोऱ्या आभाळावर लपायला जागाच नसते. पूर्ण आकारात (१०० टक्के मोठं करून) बघितलं की गंजाचा ठिपका ओळखू येतो. मधे गडद आणि भोवती फिकट कडं, असा तो दिसतो. धुळीला ते कडं नसतं, आणि धूळ साफ केली की जाते.

विकणाऱ्याने जाहिरातीत लावलेले फोटो फार देखणे होते. सगळेच्या सगळे उघड्या अपर्चरवर काढलेले: पानांची गर्दी, रात्रीचे दिवे, जवळून घेतलेले चेहरे. खाली 'सीसीडीचे जादूई रंग' असं लिहिलेलं. या जादूबद्दल माझं मत स्पष्ट आहे. एम-९ चे रंग मलाही मनापासून आवडतात, पण ते सेन्सरवरच्या रंगीत गाळण्या, ती अवरक्त शोषणारी काच आणि फाईल उघडताना वापरलेलं रंगांचं गणित यांतून येतात. नुसतं सीसीडी असल्याने काही होत नाही. तरीही त्या एका शब्दावर किंमत चढवली जाते आणि गिऱ्हाईक रंगांकडे बघत राहतं.

मी एफ/१६ वर काढलेल्या कोऱ्या आभाळाची रॉ फाईल मागितली. "तुम्हाला हव्या तेवढ्या फाईली पाठवतो, निवांत बघा," असं तो म्हणाला आणि खरोखरच फाईल आली. स्वच्छ! एका कोपऱ्यात थोडी धूळ होती, तीही साधी, कडं नसलेली. सोबत सर्व्हिसच्या बिलाचा फोटो आला. त्यावर तपासणी, सफाई आणि रेंजफाइंडरची जुळवणी एवढंच लिहिलं होतं. "सेन्सरही त्यातच बदलून झाला, तेव्हा ते फुकट होतं म्हणून बिलात आलं नाही," हे त्याचं स्पष्टीकरण. जाहिरातीच्या फोटोंमध्ये कॅमेऱ्यावरचा सिरीयल नंबर चिकटपट्टीने झाकलेला होता. "कुणी माझ्या नंबरावर खोटी जाहिरात टाकू नये म्हणून," असं कारण त्याने दिलं. प्रामाणिक विक्रेतेही याच कारणासाठी नंबर झाकतात. खोटेपणा खऱ्या सवयीच्या आडोशाला उभा करायचा, ही त्याची खुबी होती.

पैशांचंही त्याने असंच जमवून आणलं. जिथे जाहिरात होती तिथल्या सुरक्षित व्यवहारात माल हाती पडेपर्यंत पैसे अडवून ठेवतात. "माझं तिथलं खातं पडताळणीत अडकलंय, थेट बँकेत पाठवलेत तर आजच माल रवाना करतो," असं सांगून त्याने पैसे थेट घेतले. कॅमेरा खरंच आला, नीट बांधलेला, वेळेवर. त्यामुळे ही फसवणूक ओळखायला आणखी अवघड झाली. जो फसवणार तो माल पाठवणारच नाही, अशी आपली समजूत असते.

यंत्र म्हणून कॅमेऱ्यात काही खोट नव्हती. शटर नीट, दोन प्रतिमा दूरवरही तंतोतंत एकमेकींवर बसत होत्या, जवळचा फोकसही अचूक. एफ/१६ वर आभाळाचा फोटो काढला आणि डाव्या बाजूला कडंवाल्या ठिपक्यांचा पुंजका दिसला. जाणकार तंत्रज्ञाकडून सेन्सर ओल्या पद्धतीने साफ करून घेतला. धूळ गेली, ठिपके तिथेच. मग मी विकणाऱ्याची फाईल पुन्हा उघडली आणि तिच्यातली सगळी माहिती वाचून काढली. या कॅमेऱ्याच्या रॉ फाईलमध्ये सिरीयल नंबर नोंदलेला असतो. त्या फाईलमधला नंबर आणि माझ्या हातातल्या कॅमेऱ्यावरचा नंबर वेगळे होते.

त्याला हे कळवल्यावर उत्तरं बदलत गेली. आधी "धूळ असेल, साफ करून घ्या." मग "प्रवासात काही झालं असेल." प्रवासात काच गंजत नाही! सिरीयल नंबरांचा विषय काढल्यावर त्याने उत्तर देणंच बंद केलं. मी बँकेत कळवलं, पोलिसांकडे दोन्ही फाईली जोडून लेखी तक्रार दिली. पैसे अजून मिळालेले नाहीत. कंपनीकडून सेन्सर मिळत नाही. काही स्वतंत्र कारागीर फक्त पुढची काच बदलून देतात, पण ते काम नाजूक आणि खर्चाचं आहे. नंतर त्याच पद्धतीची आणखी एक जाहिरात दिसली. माझ्या ओळखीतल्या एकाने चौकशी केली तेव्हा त्यालाही पुरावा म्हणून तीच आभाळाची फाईल आली, आतला सिरीयल नंबरही तोच.

म्हणून नुसती फाईल मागून भागत नाही. ती त्याच कॅमेऱ्याची आणि आत्ताचीच आहे हे ठरेल अशा रीतीने मागा. कागदावर तुमचं नाव आणि तारीख लिहून त्याचा फोटो त्याच कॅमेऱ्याने काढायला सांगा, आणि लगेच पुढच्या क्लिकला आभाळ. दोन्ही रॉ फाईली हव्यात, फाईलींचे क्रमांक लागोपाठचे हवेत, दोन्हींमधला सिरीयल नंबर एकच हवा. तोच कागद कॅमेऱ्यावरच्या नंबराशेजारी ठेवून फोनवर काढलेला एक फोटोही मागा. नंबर जगजाहीर करायला कुणी कचरत असेल तर तो फक्त तुम्हाला पाठवता येतो.

आणखी एक पळवाट आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. लायकाच्या या लेन्स आणि बॉडी यांच्यात अपर्चर सांगणारी कुठलीही जोडणी नसते. फाईलमध्ये जो एफ आकडा दिसतो तो कॅमेऱ्याने प्रकाशावरून बांधलेला अंदाज असतो, पुरावा नव्हे. म्हणजे एफ/२ वर आभाळ काढून कुणीही 'एफ/१६ वर काढलंय' म्हणू शकतो. त्यासाठी शटरचा वेग बघा. भर उन्हातलं आभाळ, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १६० आणि एफ/१६ असेल तर वेग साधारण १/१६० च्या आगेमागे यायला हवा. तिथे १/४००० दिसलं तर लेन्स उघडी होती असं समजा. आणि बरीच वर्षं वापरलेल्या कॅमेऱ्यात एफ/१६ वर धुळीचा एक कणही दिसत नसेल, तर तेही मला खटकेल.

सेन्सर बदललाय असा दावा असेल तर बिलावर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. कॅमेऱ्याच्या सर्व्हिस मेनूत सेन्सरचा ओळख क्रमांक दिसतो, त्यावरून जुना की नवा ते कळतं. तो मेनू उघडून फोटो पाठवायला विक्रेत्याला वेळ लागत नाही. प्रत्यक्ष भेटून घेणार असाल तर स्वतःचं कार्ड आणि लॅपटॉप घेऊन जा. मागच्या पडद्यावर काही ठरवू नका, एम-९ च्या पडद्यावर तेवढे बारकावे दिसत नाहीत.

इतकं सगळं होऊनही 'जुना डिजिटल रेंजफाइंडर घ्यावा का' याला माझं उत्तर हो असंच आहे, पण कुठला ते महत्त्वाचं. सेन्सर बदलल्याचा कागद असलेला एम-९ आजही सुंदर कॅमेरा आहे. चांगल्या उजेडात त्याच्या फाईलींना मी नावं ठेवणार नाही. कागद नसेल तर कितीही स्वस्त असला तरी नको. एम-८ ला हा गंज लागत नाही. मात्र त्याला लेन्सवर अवरक्त अडवणारा फिल्टर लागतो, सेन्सर लहान असल्याने दृश्य १.३३ पटीने कातरलं जातं आणि मागचा पडदा बिघडला तर नवा मिळणं कठीण. हे चालत असेल तर घ्या. एप्सनचा आर-डी१ दुरुस्तीच्या दृष्टीने जवळपास निराधार आहे, तो हौशी संग्राहकांसाठी सोडून द्या. ज्याला रोज फोटो काढायचे आहेत त्याला मी २०१३ मध्ये बाजारात आलेला लायका एम टाइप २४० सुचवेन. सेन्सर २४ मेगापिक्सेलचा सीमॉस (सीसीडीपेक्षा वेगळा प्रकार), काच गंजण्याचा तो दोष नाही, लाइव्ह व्ह्यू (लेन्समधलं दृश्य मागच्या पडद्यावर थेट दिसणं) असल्याने फोकस पडताळून बघता येतो. जरा जाड आणि जड आहे, रंगांबद्दल लोक नाकं मुरडतात. ते रंग संगणकावर थोड्या कष्टांनी हवे तसे करता येतात. गंजलेल्या काचेचं तसं नसतं. एकेक ठिपका पुसत बसावं लागतं आणि नवे येतच राहतात.

अलीकडेच कुणी एम-९, एम-९-पी, एम-ई किंवा पहिला मोनोक्रोम घेतला असेल, त्यांनी थांबू नये. आजच एफ/१६ वर आभाळाचा फोटो काढून पूर्ण आकारात बघा आणि विक्रेत्याच्या फाईलमधला सिरीयल नंबर जुळवून बघा. सुरक्षित व्यवहारातून पैसे भरले असतील तर तक्रार करायची मुदत ठरलेली असते आणि बहुतेकदा ती फार लांबची नसते. विकणाऱ्याशी झालेलं सगळं बोलणं आणि त्याच्या मूळ फाईली, जशा आल्या तशाच, न उघडता एका प्रतीत जपून ठेवा. माझ्या तक्रारीत आज जे काही वजन आहे ते त्या एका फाईलमुळेच आहे.