भाड्याच्या मधपेट्या: डाळिंबाला घ्याव्यात, सीताफळाला नको

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागात बहार धरला की मधपेट्या भाड्याने देणाऱ्यांची ये-जा सुरू होते. सेवा कामाची आहे. पण ‘कुठल्याही पिकाला चालते’ म्हणून ती गळ्यात मारली जाते, तिथे पैसे वाया जातात. माशी परागीकरण करायला फुलावर येत नाही, मकरंद आणि पराग न्यायला येते. फुलाकडे तिला देण्यासारखे काय आहे, यावरच भाडे वसूल होते.

डाळिंबाच्या फुलाला वास जवळजवळ नाही, मकरंद बेताचा, आणि तांबडा रंग माशीला नीट दिसत नाही. तिला इथे ओढतो तो भरपूर पराग. बुडाशी फुगीर, सुरईसारखी ती ‘मादी’ कळी; तिच्यात नर-मादी दोन्ही भाग असतात आणि फळ तिलाच धरते. बुडाशी निमुळती, घंटेसारखी ती नर कळी. मादी कळीतले जेवढे बीजांड फळतात, तेवढेच दाणे भरतात. म्हणून माश्या कमी असल्या की सेटिंग (फळधारणा) होऊनही फळ लहान किंवा एका बाजूला चेपलेले निघते.

ओढ अशी कमजोर असल्याने पेट्या लवकर आणू नका. फुलोरा सुरू होण्याआधी आणल्या तर माश्या शेजारच्या शेवग्याला किंवा बोरीला लागतात आणि तिथेच जात राहतात. साधारण 10 टक्के कळी उमलली की रात्री पेट्या आणाव्यात, एकरी 2. तोंड पूर्वेला, दुपारी सावली, स्टँडच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या. जवळच उथळ पाणी ठेवा आणि त्यात खडे टाका, नाहीतर माश्या बुडतात. एकदा ठेवलेली पेटी बागेतल्या बागेत पन्नास-शंभर मीटर सरकवली, तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्याच जागी परततात.

भाडे ठरवताना पेट्या मोजू नका, फ्रेम (पेटीतल्या पोळ्याच्या चौकटी) मोजा. मेलिफेरा या पाळीव मधमाशीच्या 10 फ्रेमच्या पेटीत किमान 7-8 फ्रेम माश्यांनी झाकलेल्या हव्यात, राणी अंडी घालत असावी आणि उघडी अळी दिसावी, कारण अळीला पराग लागतो. अर्धी रिकामी पेटी पूर्ण भाड्यात देणारे भेटतात. झाकण उघडून दाखवायला जो तयार नाही, त्याला तिथूनच परत पाठवा. चार दिवसांनी सकाळी 9 ते 11 दरम्यान पेटीच्या दाराशी बसा. डाळिंबाचा पराग पांढऱ्या कागदावर चोळून घ्या आणि परतणाऱ्या माशीच्या पायावरच्या गोळीशी रंग ताडून पाहा. रंग जुळत नसेल, तर माश्या दुसऱ्याच्या रानात राबताहेत.

फुलांवर गुळाचे पाणी फवारू नका. माशी पाकळीवरचा गूळ चाटून जाते, पुंकेसराला शिवत नाही. वर मुंग्या येतात आणि बुरशी धरते. पेटीच्या आत साखरेचा पाक देणे मात्र वेगळे. मकरंद घरातच मिळाला की बऱ्याच माश्या पराग आणायला लागतात. किवीच्या बागांत हे मुद्दाम करतात. पुरवठादार हे करतो का, ते आधीच विचारून घ्या.

सर्वात जास्त भांडणे फवारणीवरून होतात. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही आंतरप्रवाही (झाडात भिनणारी) कीटकनाशके मकरंदात आणि परागातही उतरतात, त्यामुळे संध्याकाळी फवारूनही धोका टळत नाही. फुलोऱ्यात ती पूर्ण बंद हवीत. इतर फवारणीची सूचना एक दिवस आधी द्यावी आणि माश्या मेल्या तर भरपाई कोणी द्यायची, हे करारात लिहून घ्यावे. सोलापूरजवळ केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा फवारणीचा सल्ला समोर ठेवूनच तारखा ठरवा.

कांदा बियाण्याला पेट्या उपयोगी, पण कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असल्याने माशी लवकर कंटाळते. तिथे सगळ्या पेट्या एकदम न आणता दोन-तीन टप्प्यांत आणा. ड्रॅगन फ्रूट रात्री उमलते आणि ऊन चढले की मिटते. माशीला सकाळचा थोडाच वेळ मिळतो.

बार्शीकडच्या सीताफळ बागायतदारांनी मात्र यात पैसे घालू नयेत. त्या फुलात मकरंदच नाही. पिकल्या फळासारख्या वासाने ते बारीक भुंगेऱ्यांना बोलावते आणि ते पाकळ्यांच्या आत शिरतात. फूल आधी मादी असते, नंतर नर होते, त्यामुळे ब्रशने हाताने परागीकरण करायचे तर नर अवस्थेतल्या फुलांचा पराग गोळा करून मादी अवस्थेतल्या फुलांना लावावा लागतो. नाहीतर झाडाखाली पिकलेल्या फळांचे तुकडे ठेवून भुंगेरे वाढवा. खर्च जवळपास शून्य.