‘डायल ओरिजिनल आहे, साहेब’

गडद निळी डायल, नारिंगी सेकंद काटा, आरशासारखी चमकणारी केस (बाहेरचं धातूचं कवच), नवाकोरा पट्टा. शुक्रवारी सकाळी सातला चोर बाजारात, मटण स्ट्रीटजवळच्या फुटपाथवर अंथरलेल्या चादरीवरून गिरगावच्या एका काकांनी हे सिको फाइव्ह, जुनं जपानी घड्याळ, बत्तीसशेला उचललं. विक्रेता साडेपाच हजारांवरून सुरू झाला होता, तेव्हा सौदा झकास जमला असं त्यांना वाटणारच. शनिवारी सकाळी घड्याळ बंद. हातात घेऊन हलवलं की चालू, उशाशी ठेवलं की पहाटेपर्यंत पुन्हा बंद.

मागचं झाकण उघडलं आणि सगळं समोर आलं. झाकणावर ६३०९ने सुरू होणारा नंबर, म्हणजे आत ६३०९ हे मशीन हवं, पण निघालं ७००९. डायलचे मागचे दोन्ही पाय कापलेले, म्हणून ती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीच्या तुकड्यांवर बसवलेली. झाकणाच्या खाचेत रबरी रिंगच नाही. मशीन कोरडं ठाक, उरलंसुरलं तेल काळं पडून खळीसारखं झालेलं. काटे एका घड्याळाचे, डायल दुसऱ्याची, मशीन तिसऱ्याचं. सुटे भाग खरे सिकोचे असतीलही, पण हे घड्याळ या रूपात कुठल्याच कारखान्यातून कधी बाहेर पडलेलं नव्हतं.

जगभरचे जुन्या घड्याळांचे शौकीन या मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. शहराची कीर्ती कशाकशानं पसरते पाहा.

हा माल बनतो कसा ते आधी समजून घ्या. बंद पडलेली घड्याळं किलोच्या भावानं येतात. त्यातली चालू होऊ शकणारी मशीनं वेगळी काढतात. डायलवरचे चिकटवलेले बार, म्हणजे तासांच्या धातूच्या खुणा, सोडवून ठेवतात, जुना रंग आणि छपाई उतरवतात, पत्रा घासून त्यावर स्प्रेनं नवा रंग मारतात. मग नाव आणि मिनिटांच्या रेघा शिक्क्यानं छापतात, बार परत चिकटवतात. केस बफिंगच्या, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या, चाकावर धरतात, काच नवी, पट्टा नवा. तेलपाणी मात्र करत नाहीत, कारण त्यासाठी मशीन पूर्ण सोडवावं लागतं, त्यात कुशल माणसाचा वेळ जातो आणि तो खर्च गिऱ्हाइकाला दिसत नाही. जे दिसतं ते नवं आणि जे दिसत नाही ते तसंच, या धंद्याचं गणित एवढंच आहे. म्हणून नजर चमकणाऱ्या भागांवरून काढून दुसरीकडे न्यायची.

दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात हवं. ते नसेल तर मोबाइलनं जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहा. सर्वांत आधी डायलची खालची कड. सहाच्या खुणेखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत जपानचं नाव आणि एक सांकेतिक क्रमांक असतो. सिकोमध्ये त्याचे पहिले चार आकडे मशीनचा नंबर सांगतात, आणि मागच्या झाकणावरच्या नंबराचे पहिले चार आकडेही तेच सांगतात. दोन्ही जुळले पाहिजेत. रंगवलेल्या डायलवर ही ओळ एकतर नसते, नाहीतर फुटलेल्या शाईसारखी फुगलेली असते, कारण इतकी बारीक अक्षरं त्या शिक्क्यातून उमटत नाहीत.

मग तारखेची खिडकी पाहा. कारखान्यातल्या डायलवर खिडकीच्या कडा धारदार असतात. रंग पुन्हा मारला की कडेवर त्याचा थर साचतो आणि कोपरे गोलसर होतात. मिनिटाची रेघ बारच्या बरोबर मध्यावर येते का, तेही बघा. बारा आणि सहाला जुळलेली असते पण दोन आणि आठला सरकलेली, असं नेहमी दिसतं. अंधारात चमकणारा रंग डायलवर हिरवागार आणि काट्यांवर पिवळट-तपकिरी असेल, तर दोघांचं वय एक नाही.

झाकणावरची अक्षरं बोटानं चाचपा. ती खोल आणि टोकदार लागली पाहिजेत. अक्षरं पुसट आणि केसच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील, तर बफिंगनं धातूच उतरला आहे. तो भरून येत नाही.

सिकोच्या झाकणावरच्या सहा आकडी अनुक्रमांकातून जन्मतारीखही निघते. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा, दुसरा महिन्याचा. क्रमांक ८४ने सुरू होत असेल तर ७००९च्या बाबतीत एप्रिल १९७८ किंवा एप्रिल १९८८. ऑक्टोबरसाठी शून्य, नोव्हेंबर आणि डिसेंबरसाठी इंग्रजी एन आणि डी ही अक्षरं. विक्रेता ‘साठ सालचा पीस’ म्हणून ७००९ देऊ लागला, तर पुढचं काहीच ऐकायची गरज नाही.

चालू आहे की नाही, ही परीक्षा फुटपाथवर निरुपयोगी. ७००९ ऑटोमॅटिक आहे, त्याला चावी भरता येत नाही. चावी फिरवून ‘भरून दिली’ म्हणणाऱ्याला एकतर माहीत नसतं, नाहीतर तुम्हाला माहीत नसेल असं तो गृहीत धरतो. दोन-चार झटके दिले की कोरडं मशीनही पळतं. धड मशीन पूर्ण भरल्यावर चाळीसेक तास चालायला हवं. आठ-दहा तासांत थांबलं तर तेल सुकलं आहे किंवा स्प्रिंग दमली आहे. टिकटिक ऐकून वेग मोजणारी मोबाइल अॅप मिळतात. ७००९साठी त्यात ताशी २१,६०० ठोके निवडा, म्हणजे सेकंदाला सहा. बाजारातल्या गोंगाटात आकडा नीट येत नाही. दुकानाच्या आत मागच्या खोलीत जरा शांतता मिळाली तर उपयोग.

एचएमटीत फसवणूक आणखी सोपी, कारण तिथे भावनेचं भांडवल आहे. वडिलांच्या हातातलं जनता, निवृत्तीला मिळालेलं कोहिनूर. एचएमटीचं, म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्सचं, घड्याळ-उत्पादन १९६१मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं सुरू झालं आणि घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारनं २०१६मध्ये घेतला. तेव्हापासून मागणी चढली. जनता आणि पायलट या दोन्हींत ०२३१ हेच सतरा ज्वेलचं (झीज रोखणाऱ्या खड्यांचं), चावी भरायचं मशीन असतं. स्वस्तातलं जनता घ्यायचं, त्यावर काळी डायल छापायची, झालं पायलट. आत नंबर जुळतो, त्यामुळे झाकण उघडून पाहणाराही फसतो. इथे निर्णय डायलच्या छपाईवरच करावा लागतो. एचएमटीची अक्षरं बारीक आणि एकसारख्या जाडीची असतात. नकलेत गोल अक्षरांची पोटं भरून जातात. तिरंगा, हवाई दलाचं चिन्ह, गांधीजींचा फोटो अशा डायलचं ‘स्पेशल एडिशन’ म्हणून मिळणारं एचएमटी बहुतेक वेळा अलीकडेच छापलेलं असतं. आवडलं तर हौसेनं घ्या, फक्त दुर्मीळ म्हणून पैसे मोजू नका.

ग्रामोफोनबद्दल थोडं, कारण घड्याळं बघायला गेलेला माणूस भोंग्यापाशी हमखास थांबतो. पिवळाधमक पितळी भोंगा, अष्टकोनी पेटी, कुत्र्याचं चित्र असलेली चकचकीत पट्टी. बाहेर भोंगा असलेल्या मूळ एचएमव्ही यंत्रांचे भोंगे बहुतेक रंगवलेल्या पत्र्याचे किंवा लाकडाचे असत. पेटीखालचे स्क्रू पाहा. ‘१९१५चा’ म्हणून सांगितलेल्या यंत्राला अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू असतील तर विषय संपला, कारण ते १९३०च्या दशकात बाजारात आले. सुई ध्वनिमुद्रिकेच्या शेवटच्या आटीपर्यंत पोचते की आधीच अडते, तेही तपासा. जुळवलेल्या भोंग्यात सुई धरणाऱ्या हाताची लांबी चुकलेली असते. मग ताटलीवर कागदाचा कपटा ठेवून अर्ध्या मिनिटात फेरे मोजा. ३९च्या आसपास हवेत, आणि तीन मिनिटांनंतरही तितकेच. ऐकण्यासाठी हवं असेल तर सुटकेससारखी मूळ पेटी घ्या. ती दिसायला साधी असल्यामुळे तिची नक्कल करायला सहसा कुणी जात नाही. पोलादी सुई ध्वनिमुद्रिकेच्या प्रत्येक बाजूला नवी लावायची. आणि एलपी, म्हणजे नंतरच्या काळातली मऊ तबकडी, तिच्यावर चुकूनही लावू नका, एका फेरीत खरवडून निघते.

आता व्यवहाराचं. शुक्रवारी चोर बाजारातली बरीचशी दुकानं बंद असतात आणि रस्त्यावरचा बाजार पहाटेच मांडला जातो. टॉर्चच्या उजेडात रंगवलेली डायल आणि मूळ डायल सारखीच दिसते, म्हणून उजाडल्याशिवाय पैसे देऊ नका. फुटपाथवाला पुढच्या शुक्रवारी त्याच जागी बसेल याची खात्री नाही. महागाची वस्तू इतर दिवशी, दुकानात घ्या आणि झाकण उघडून दाखवा म्हणा. दुकानदाराकडे झाकण उघडायची चावी असतेच. ‘उघडलं तर धूळ जाईल’ असं उत्तर आलं तर तिथून निघा. बिलावर मशीनचा नंबर आणि ‘डायल मूळ’ हे दोन शब्द लिहून मागा. तोंडी शंभर वेळा ओरिजिनल म्हणणारा माणूस या दोन शब्दांना किती बिचकतो ते पाहण्यासारखं असतं. असं बिल हातात असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना काहीतरी दाखवता येतं, चादरीवरच्या खरेदीत तेही नाही.

सौदा ठरल्यावर ‘पट्टा बदलून देतो’ म्हणून घड्याळ आत नेऊ देऊ नका. पट्टा तुमच्यासमोर बदलता येतो, दोन पिनांचं काम आहे. पैसे देण्याआधी मागच्या नंबराचा फोटो काढा आणि हातात मिळालेल्या वस्तूशी ताडून पाहा.

काकांच्या घड्याळाचं तेलपाणी करायचं तर खर्च खरेदीच्या निम्म्यावर जात होता. त्यांनी तो केला. नवी रबरी रिंगही टाकली, पण ६३०९च्या केसमध्ये ती बसली तरी चावीच्या बाजूनं दमट हवा जातेच, कारण चावीही कुठल्यातरी तिसऱ्याच घड्याळाची. जुलैत काचेच्या आतून वाफ धरली आणि निळ्या रंगाला चारच्या बाराजवळ मोहरीएवढा फुगा आला. त्याखाली मूळ डायलचा राखाडी रंग दिसतो. हल्ली ते घड्याळ त्यांचा पुतण्या वापरतो, दिवाळी ते मे.