गोठ्यातील हेळसांडीची तपासणी करणारे पथक: कोल्हापुरातील माझा अनुभव

कोल्हापूर शहर आणि करवीर तालुक्यात दुभत्या व शेतीच्या जनावरांच्या छळाची किंवा हेळसांडीची तक्रार आली, की प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करणाऱ्या एका स्वयंसेवी पथकाची सेवा मी या उन्हाळ्यात घेतली. पथकाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण त्यातील मंडळींना गोठ्यागोठ्यांतून फिरावे लागते आणि नाव आधी पोहोचले तर पुढचे काम अवघड होते, असे त्यांनीच मला सांगितले. सेवेसाठी पैसे घेतले जात नाहीत.

आमच्या घरी ज्या गोठ्यातून म्हशीच्या दुधाचा रतीब येतो, तिथे एप्रिलमध्ये एका सकाळी मी स्वतः दूध आणायला गेले होते. पत्र्याच्या आडोशाला चार दिवसांचे रेडकू बांधलेले होते. मान खाली टाकून ते बसले होते आणि जवळ गेले तरी कान हलवत नव्हते. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगे रंगवून, त्यांना नटवून मिरवणूक काढणारे हे शहर आहे, त्यामुळे इथे म्हशींचे हाल होत असतील असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आले नव्हते. घरी आल्यावर मी पथकाला फोन केला.

फोनवरचे बोलणे मला फार महत्त्वाचे वाटले. गोठ्यात एकूण जनावरे किती, गव्हाणीत त्या वेळी वैरण होती का, पाणी कुठे ठेवले होते, हे मी स्वतः पाहिले की कुणाकडून ऐकले, असे एकेक विचारून पलीकडच्या ताईंनी सगळे लिहून घेतले. मोबाइलवर काढलेले चित्रण कुणालाही पाठवू नका, मूळ फाइल तशीच जपून ठेवा, असे त्यांनी बजावले. आरडाओरडा झाला की गोठा एका रात्रीत स्वच्छ होतो, आजारी जनावर दुसरीकडे हलवले जाते आणि तपासायला काही उरत नाही, हे त्यामागचे कारण होते.

पथक त्याच दिवशी आले, पण दुपारी तीन वाजता. एवढा उशीर का, असे मला आधी वाटले होते. धारेच्या वेळी गिऱ्हाईक येते, म्हणून गोठा धुतलेला असतो आणि म्हशींपुढे पेंड असते; खरी स्थिती भर उन्हात दिसते, हे त्यांच्याबरोबर उभी राहिल्यावर मला कळले. म्हशीची कातडी काळी असते आणि तिच्या अंगात घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी असतात, त्यामुळे सावली आणि अंगावर पाणी हे तिच्यासाठी चाऱ्याइतकेच आवश्यक आहे. त्या गोठ्यात ११ म्हशी तापलेल्या पत्र्याखाली धापा टाकत होत्या. पाण्याची टाकी कोरडी होती आणि तळाचे शेवाळ वाळून तिथे पापुद्रे धरले होते.

मालकांची संमती घेऊनच पथक आत गेले. बरोबर आलेल्या पशुवैद्यकांनी प्रत्येक म्हशीच्या कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक वहीत लिहिला, बरगड्या आणि कमरेची हाडे चाचपून अंगावरच्या मांसाला १ ते ५ पैकी गुण दिले, वाढलेले खूर आणि गुडघ्यांवरच्या जखमा पाहिल्या आणि दाव्यांची लांबी टेप लावून मोजली. रेडकाचे दावे जेमतेम सव्वा फूट भरले. मग डॉक्टर त्याच्याजवळ उकिडवे बसले, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि घड्याळाकडे पाहू लागले. एरवी दोन सेकंदांच्या आत सपाट होणारी ती घडी तशीच उभी राहिली होती. बेंबी सुजलेली होती आणि तिच्यावर माश्या बसत होत्या.

"मामा, ह्याला चीक पाजला होता का?" डॉक्टरांनी विचारले.

"पाजलाय की थोडा."

"थोडा म्हणजे किती? तांब्याभर का वाटीभर?"

मामा काही बोलले नाहीत. पिल्लाच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसात त्याच्या पोटात जावा लागतो, कारण रोगाशी लढण्याची शक्ती त्यातूनच येते आणि २४ तासांनंतर ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता संपते. त्याच म्हशीचा चीक तीन दिवसांपूर्वी मी त्या गोठ्यातून विकत आणला होता आणि आमच्या घरी त्याचा खरवस झाला होता. हे मी तिथेच सांगितले. पथकातील ताईंनी ते माझ्या जबाबात तारखेसह लिहून घेतले आणि मला सही करायला लावली. तपासणी माझ्यापर्यंतही पोहोचावी, हे मला योग्य वाटले. आमच्या घरी तेव्हापासून खरवस केलेला नाही.

पथकाचा मोठा गुण हा की, छळ आणि हेळसांड यांत ते फरक करते. गडी सोडून गेल्यापासून मामा एकटेच ११ म्हशींचे सारे करत होते. पाणी, सावली आणि दावी यांच्या दुरुस्तीसाठी त्यांना सात दिवसांची लेखी मुदत मिळाली, तर रेडकावरचे उपचार त्याच क्षणी सुरू झाले. मात्र गटारीच्या कडेला चिठ्ठी नसलेल्या काचेच्या छोट्या बाटल्या सापडल्या, तेव्हा पथकाचा सूर बदलला. त्यांनी बाटल्यांना हात लावला नाही, शेजारी पट्टी ठेवून छायाचित्रे काढली आणि पोलिसांना कळवले. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून तिच्या प्रकृतीला अपायकारक इंजेक्शन देणे हा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम १२ खालील गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. याउलट आखूड दाव्याला बांधणे किंवा पुरेसे अन्नपाणी न देणे हे कलम ११ मध्ये येते आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे फक्त १० ते ५० रुपये, म्हणजे आज एक लिटर म्हशीच्या दुधालाही न पुरणारा. इतक्या तोकड्या दंडाच्या बळावर हे लोक जनावरांना पाणी आणि सावली मिळवून देतात, याबद्दल मला त्यांचे मनापासून कौतुक वाटते.

आता उणिवा. पहिल्या दोन दिवसांतील तत्परता पुढे टिकत नाही. पाहणी अहवालाची प्रत मिळायला मला पाच आठवडे लागले आणि त्यासाठी चार वेळा फोन करावा लागला. या कायद्याखालील खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो, त्यामुळे इथला उशीर केवळ गैरसोयीचा नाही. त्याने प्रकरणच मरते. अहवाल इंग्रजीत होता. ज्या मामांनी त्याप्रमाणे दुरुस्ती करायची, त्यांना तो वाचता येत नव्हता. मी त्यांच्या ओट्यावर बसून त्याचे मराठी करून सांगितले. पथकाने ही गोष्ट तातडीने सुधारावी. कोंबड्यांच्या शेडबद्दल विचारले असता, त्यातला जाणकार आमच्याकडे नाही, असे त्यांनी सरळ सांगितले.

दुसरी पाहणी ठरल्याप्रमाणे आठव्या दिवशी झाली. पत्र्यावर उसाचे पाचट अंथरलेले होते, टाकी भरलेली होती आणि दावी लांब केली होती. रेडकू उभे होते आणि डॉक्टरांच्या शर्टाची बाही चोखत होते. बाटल्यांच्या प्रकरणाचे पुढे काय झाले, हे मला अजून कुणी कळवलेले नाही. तीन महिन्यांची मुदत जुलैत संपते, म्हणून दर सोमवारी सकाळी मी पथकाला फोन करते.