अण्णांचा आखाडा बंद झाला : डब्ल्यूडब्ल्यूई नेटवर्क

डिलाईल रोडच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन व्यावसायिक कुस्ती कंपनीचं हे इंटरनेटवरून कुस्त्या दाखवणारं नेटवर्क आलं ते अण्णांसाठी. अण्णा मूळचे कोल्हापूरचे, खासबागेत कुस्त्या बघत वाढलेले. महिना ९.९९ डॉलरमध्ये जुन्या मोठ्या लढतींचा खजिना, डब्ल्यूसीडब्ल्यू, ईसीडब्ल्यू या जुन्या प्रतिस्पर्धी कंपन्यांच्यासुद्धा. २०१४ साली अमेरिकेत हे सुरू झालं तेव्हा तिथे एकेका मोठ्या कार्यक्रमाला याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागत. इतकं स्वस्त आणि इतकं भरगच्च काही मी तरी पाहिलं नव्हतं.

१९९२चा समरस्लॅम हा मोठा कार्यक्रम, लंडनचं वेम्बली स्टेडियम, ब्रेट हार्ट विरुद्ध ब्रिटिश बुलडॉग. ब्रेट डाव टाकायला जातो, बुलडॉग खाली बसून त्याचेच पाय अडकवतो, पंच तीन मोजतो आणि बुलडॉग जिंकतो. अण्णांनी ते मला पाच वेळा मागे न्यायला लावलं. "डाव उलटवला बघ पोरी!" निकाल ठरलेला असतो हे त्यांना पक्कं माहीत, तरी अंगातली कला ते ओळखायचे. रेसलमेनिया या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाला तर पहाटे साडेचारला चहा टाकून बसायचो.

मग २०२१ला अमेरिकेतला कारभार पीकॉक या तिथल्या स्ट्रीमिंग सेवेकडे गेला. जुना संग्रह तिथे टप्प्याटप्प्याने चढला, काही प्रसंग कापले गेले. मला हे अजिबात पटलं नाही. जुनी कुस्ती जशी झाली तशीच दाखवावी. आपल्याकडे २०२५च्या एप्रिलपासून सगळं नेटफ्लिक्सवर. ताज्या लढतींसाठी ते झकास आहे, चित्र स्वच्छ. पण फक्त कुस्तीसाठी बांधलेलं ते घर मला हवं होतं.

जुन्या नेटवर्कला माझे पाचपैकी साडेचार तारे. अण्णांचे पाच.