चर्चमध्ये, अंगणात की झूमवरच?

२०२० च्या १६ नोव्हेंबरला, ऐन पाडव्याला, कोरोनामुळे बंद असलेली महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली. मार्चपासून कुलूपबंद असलेल्या आमच्या चर्चची किल्ली पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, कमिटीपुढे ठेवली आणि म्हणाले, "बोला, काय करायचं?" २९ तारखेला आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचा तयारीचा काळ, सुरू होणार होता, मागोमाग नाताळ. तुमच्याही मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, तेव्हा हीच चर्चा झाली असेल, म्हणून आम्ही काय काय तपासलं ते सांगतो.

आधी चर्च. टेप घेऊन बसलो. आमचा बाक दहा फुटी. सहा फुटांचं अंतर ठेवायचं तर दोन टोकांना दोघं आणि मागचा बाक रिकामा. एरवी २४ बाकांवर १४४ माणसं मावतात, या हिशेबानं उरली २४. एका घरचे एकत्र बसवले तरी आकडा चाळिशीपुढे जाईना. म्हणजे रविवारी दोन उपासना, मध्ये बाक पुसायला आणि हवा खेळायला तासभर. हवेवरून आठवलं: एका बाजूच्या खिडक्या उघडल्याच नाहीत, रंगानं चिकटून बसल्यात.

मला खरी भीती गाण्याची वाटत होती. सॅनिटायझर किती लिटर आणायचं यावर आमची अर्धी बैठक गेली, पण केंद्राच्या जूनमधल्या नियमांत गायकवृंदाला मनाई का होती, हे कुणी विचारलं नाही. मार्चमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट व्हर्नन इथे एका गायकवृंदाचा अडीच तास सराव झाला. ६१ जण होते, ५३ आजारी पडले, दोघं दगावली. बंद खोलीत पोटातून गायचं आणि वर हात धुवायचे, याला अर्थ नाही.

अंगणात अंतर तेवढंच ठेवावं लागतं, पण हवा मोकळी. चुन्याच्या खुणा आणि मांडववाल्याच्या खुर्च्या, एवढ्यात भागतं. फक्त त्याला कनाती लावू देऊ नका. तो आपुलकीनं लावतोच आणि मग अंगणाची पुन्हा खोली होते. अडचणीही आहेत: सकाळी आठची थंडी, रस्त्यावरचे हॉर्न, स्पीकरसाठी पोलीस ठाण्याची परवानगी. गाण्याचं म्हणाल तर एकानं गावं, बाकीच्यांनी मास्कआड मनात म्हणावं. आमच्या भजनी मंडळाला हे अजून पटलेलं नाही.

झूम सगळ्यात सुरक्षित. फुकटातलं चाळिसाव्या मिनिटाला बंद पडतं, त्यामुळे उपदेश आटोपशीर झाला, हा फायदाच म्हणायचा. एकत्र गाणं मात्र अशक्य: एक घर ध्रुवपदावर, दुसरं अजून कडव्यात. पण याहून मोठी गोम यादी केल्यावर कळली. ६५ वर्षांवरच्यांनी घरीच थांबावं असा तेव्हा सल्ला होता, आणि साधा बटणांचा फोन होता तोही नेमका त्यांच्याकडेच. चर्च उघडलं तरी ते बाहेर, झूम चालू ठेवलं तरी बाहेर.

प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीला, सगळ्यांत एकच प्याला नकोच. छोटे पेले आधी भरून, झाकून, अंतरानं मांडा. ज्यानं त्यानं आपला उचलावा. दानाची थैली फिरवू नका, दाराशी पेटी पुरे. झूमवर प्रभुभोजन चालतं का, यावर आमच्यात दोन तट पडले. ते तुमच्या बिशपांना विचारा.

आम्ही अंगण निवडलं. चाळीस मिनिटांच्या आतली उपासना, खुर्चीवर टेकवलेला एक मोबाईल झूमसाठी. बटणांच्या फोनवाल्यांना मंडळीतले तरुण ठरल्या वेळी फोन लावतील आणि तो स्पीकरजवळ धरून बसतील. एका तरुणाकडे एकच घर. तुमच्याकडे अंगण नसेल तर चर्चमध्ये दोन उपासना घ्या, पण गाणं वगळून. आणि पाळक साठीच्या पुढचे असतील तर दुसरी उपासना दुसऱ्या कुणी चालवावी.

किल्ली सध्या माझ्याकडे आहे. चिकटलेल्या खिडक्या सोडवायला शनिवारी सुतार येतोय.