महूकडची असील कोंबडी: मिक्स कळपात ठेवायची असेल तर वाचा

कोंबडीला ५ पैकी ४, विकणाऱ्याला साडेतीन.

इंदोरहून राऊच्या पुढे महूकडे जाताना रोडवरून आत वळलं की एक माणूस देशी पक्षी विकतो, बोर्ड वगैरे काही नाही, तिथून असीलच्या दोन तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) घेतल्या. माझ्याकडे आधीपासून कडकनाथ, वनराजा (सुधारित जात) आणि थोड्या गावरान आहेत. कडकनाथचं इंदोरात कौतुक राहिलं नाही, झाबुआ जवळ आहे आणि २०१८ मध्ये तिथल्या कडकनाथला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून जो तो विकतोय. असील मात्र घरी कोणी ठेवत नाही कारण सगळे म्हणतात ही लढाईची जात, बाकीच्यांना फाडून खाईल.

तर ऐका. भांडते, खरंच भांडते, पण बिनकारण नाही. नवीन कोंबडी कळपात आली की कोण वर कोण खाली हे ठरल्याशिवाय कोणतीच जात गप्प बसत नाही, असीलमध्ये फक्त ते जोरात होतं. मान खाली, पिसं फुललेली, समोरासमोर डोळ्याला डोळा, मग उडी. कडकनाथ एक चोच खाऊन पळते आणि विषय तिथेच संपतो, असील पळणारीच्या मागे फार लागत नाही. वनराजा अंगाने जड, तिला पळता येत नाही म्हणून तिला जास्त मार बसतो. आणि सगळ्यात लांबलेलं भांडण कोणाचं माहितीये? दोन असीलचं आपापसात! कारण माघार कोणीच घेत नाही. एकत्र वाढलेल्या बहिणी घ्या असं तो माणूस आधीच बोलला होता, मला वाटलं दोन खपवायला सांगतोय, पण बरोबर होतं त्याचं, त्यांची आपापसातली वाटणी आधीच झालेली असते.

जखमा बघाल तर गावरानच्याच तुऱ्यावर दिसतील. असीलचा तुरा छोटा, डोक्याला चिकटलेला असतो, समोरचीला पकडायला काही मिळतच नाही, गावरानचा उभा तुरा म्हणजे आयतं हँडल. रक्त दिसलं की ती कोंबडी लगेच बाजूला काढा, कारण मग बाकीच्यापण तिथेच चोची मारतात, अगदी गरीब दिसणाऱ्यासुद्धा. हळद-खोबरेल लावून डालग्याखाली ठेवा, पण कळपाला दिसेल अशी. पार नजरेआड ठेवली तर परत आल्यावर सगळी मारामारी पहिल्यापासून.

जाळी लावून आठवडा-दोन आठवडे शेजारी ठेवणं हा उपाय सगळेच सांगतात आणि तो चालतो. इंदोरच्या सियागंज बाजारातून बारीक चौकोनी वेल्डेड जाळी आणा, षटकोनी पातळ जाळीतून डोकं घालून भांडतात. माझ्या मते त्याहून मोठा फरक पडतो दाण्याच्या भांड्यांनी. एकच भांडं असलं की वरची कोंबडी तिथे उभी राहून कोणालाच येऊ देत नाही, आमची मोठी असील अशीच करायची, सासूबाईंनी तिचं नावच सुभेदारीण ठेवलंय. तीन-चार ठिकाणी दाणा-पाणी, भिंतीला तिरकी टेकवलेली फळी, वर बसायला बांबू, एवढं केलं की पळणारीला आडोसा मिळतो आणि भांडण लांबत नाही.

अंड्यांसाठी ही घेऊ नका. वर्षाला साधारण ३०-४० देते, मग खुडूक होऊन बसते. पण बसते कशी! कडकनाथ अंडी घालते आणि विसरते, उबवायच्या नावाने बोंब, त्यामुळे कडकनाथची अंडी असीलखाली ठेवायची, २१ दिवस ही हलत नाही. पिल्लं निघाली की मात्र वेगळं खुराडं पाहिजेच, तेव्हा ती कोंबड्याचंही ऐकत नाही. मांजरावर तर अशी धावून जाते की आमच्या गल्लीतला बोका आता भिंतीवरूनच बघतो. असीलची पिल्लं लहानपणीच एकमेकांवर चालून जातात, त्यात घाबरायचं काही नाही, नर ओळखू यायला लागले की वेगळे करा.

आता विकणाऱ्याबद्दल. सरळ माणूस. आधी विचारलं जागा किती, अंगणात आणखी कोण आहे, मग सकाळी दाण्याच्या वेळी बोलावलं, बोलला "भाभी, खाते टाइम देखो, सब समझ में आ जाएगा", आणि खरंच कोण कोणाला हाकलतं ते लगेच दिसलं. माझ्यासमोर एकाने लढाईसाठी कोंबडा मागितला तर सरळ नाही म्हटलं, कोंबड्यांची झुंज लावणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे हे त्याला माहीत होतं. भाव गावरानच्या जवळजवळ दुप्पट, मला पटला.

मार्क कापले ते लसीकरणासाठी. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लस दिलीये म्हणतो, पण तारीख लिहून देत नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि सहा-आठ आठवड्यांनी आर-टू-बी (दोन्ही राणीखेतच्याच लशी), एवढं तरी कागदावर पाहिजे की नाही? खोक्याला भोकंपण पाडलेली नव्हती, उन्हाळ्यात अशी पेटी कोणी नेली तर घरी पोचेपर्यंत काही खरं नाही, आपली टोपली घेऊन जा. फोन दुपारी उचलत नाही, रात्री आठनंतर लावा.