कोकोचं वाण ओळखायचं: वाडीत बसून की पानं पुण्यात आणून?

प्रबंधाला कोकोची विविधता हा विषय घेतला की पहिला पेच हाच. झाडापाशी राहून फूल, फळ, बी यांच्या नोंदी करायच्या, की पानं तोडून आणायची आणि इथे पुण्यात डीएनए काढायचा? मी दोन्ही केलंय. पुस्तकी फायदे-तोटे सोडतो, कामात जे बोचलं तेवढंच सांगतो.

वाडीतल्या कामाची मजा वेगळीच. पिकलेलं फळ कोयत्याने फोडायचं, गरातली बी आडवी कापायची आणि आतला रंग बघायचा. कोकोचे दोन जुने गट: गर्द जांभळा निघाला तर फोरास्टेरोकडचं, पांढरट निघाला तर क्रिओल्लोचं रक्त. पैदासकाराला शेवटी जे हवं ते तिथेच दिसतं: फळात बिया किती, वाळलेली बी किती भरते, पावसाळ्यात फळकुजीने किती फळं गेली. अडचण वेळेची. परागीभवनानंतर फळ पिकायला पाच-सहा महिने लागतात, गाईडला तेवढा धीर असेलच असं नाही.

पानांचं काम चिकट, अगदी शब्दशः. कोकोच्या पानात बुळबुळीत शर्करा आणि पॉलिफिनॉल भरपूर. डीएनए काढायच्या साध्या, नेहमीच्या सीटॅब पद्धतीने गेलात तर ट्यूबच्या तळाशी तपकिरी गोळी बसते आणि पिपेटच्या टोकाला तार सुटते. पॉलिफिनॉलला आवर घालणारी पीव्हीपी आणि थोडं जास्त मर्कॅप्टोइथेनॉल ही रसायनं घातली की निभतं. पानं तोडल्या तोडल्या सिलिका जेलमध्ये टाका. कोकणातल्या दमट हवेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पानं घाट चढेपर्यंत काळवंडतात.

एवढं असूनही मी पानांकडे झुकलो, ते झाडावरच्या नावाच्या पाटीमुळे.

वाणं जपणाऱ्या संग्रहातला कोको बहुधा डोळा भरून, म्हणजे हव्या झाडाचा डोळा दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बसवून वाढवलेला असतो, आणि खुंट कुठल्याही बीचा. डोळा मेला, खुंटाचे फुटवे कुणी काढले नाहीत, की खुंटाचाच कोंब झाड होऊन बसतो. पाटी मात्र तीच. एका संग्रहात एकाच नावाची दोन झाडं शेजारी उभी होती. एकाचं कोवळं फळ हिरवं, दुसऱ्याचं लालसर. विचारलं तर उत्तर आलं, "सावलीचा फरक असेल हो." सावलीने रंग फिका-गडद होतो, हिरव्याचा लाल होत नाही. पानं तपासली, दोघांचं जुळेना. इथे निदान रंगाने शंका आली. फळं सारखी दिसली असती तर मी निमूटपणे खुंटाच्या नोंदी लिहीत बसलो असतो.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. त्रिनिदादच्या आंतरराष्ट्रीय कोको संग्रहातही डीएनए तपासणीत चुकीच्या नावाची झाडं निघाली आहेत. कोकोचं बी वाळवून शीतपेटीत ठेवता येत नाही, मरतं. म्हणून जतन म्हणजे मुख्यतः जिवंत झाडं, आणि त्यांची ओळख म्हणजे पाटी. पाउंड या संशोधकाने १९३०च्या दशकात वरच्या ॲमेझॉनमधून आणलेल्या साहित्यातलं एससीए ६ हे वाण रोगप्रतिकारासाठी संकरात वापरतात. त्या नावाखाली भलतंच झाड असेल, तर संकराचं रोप फळावर यायला तीन-चार वर्षं लागतात, ती सगळी वाया.

शिवाय फळं बघून आपण क्रिओल्लो, फोरास्टेरो आणि या दोघांचा संकर त्रिनितारिओ या तीन खणांत झाडं टाकतो. २००८ मध्ये मोतामायोर आणि सहकाऱ्यांनी डीएनएवरून दहा गट दाखवले. संकरासाठी एकमेकांपासून दूरचे आई-बाप शोधायचे तर तीन खण फारच ढोबळ पडतात.

अर्थात फळकुज किंवा उत्पादन हाच तुमचा विषय असेल तर वाडीला पर्याय नाही, आणि एसएनपीचं, म्हणजे डीएनएतल्या एकेका अक्षराचे फरक तपासायचं काम बाहेर करून घ्यायचं तर खर्चाचा अंदाज आधी घ्या. दोन्ही जमत असेल तर उत्तमच. एकच निवडायचं असेल तर मी पानं म्हणेन. फक्त एका नावाचं एकच प्रातिनिधिक झाड घेऊ नका, त्या नावाची असतील तेवढी सगळी घ्या. आणि पान तोडण्याआधी खाली वाकून कलमाचा जोड शोधा, फांदी जोडाच्या वरूनच निघालीय ना ते बघा.